झीज कशी ओळखावी? एका जुन्या रायफलीवरून धडा



मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले. निवृत्त झालो तरी शिकविण्याची खोड गेलेली नाही. म्हणून आज या पानावर एक धडाच लिहीत आहे. विषय जरा वेगळा वाटेल : अर्धस्वयंचलित रायफलीच्या भागांची कोणती झीज साधी समजावी आणि कोणती धोक्याची. पण आपल्या वाचकांना हा विषय अगदी परका नाही. आपले कित्येक पूर्वज मुंबई इलाख्याच्या फौजेत जमादार, सुभेदार होते. इस्राएलमधील आपल्या घरांतून मुले-मुली सैन्यात जाऊन येतात. आणि इथे अमेरिकेत तर शेजाऱ्याच्या माळ्यावर बंदूक निघाली, तर कोणाला नवल वाटत नाही.

मी स्वतः बंदुकांचा कारागीर नव्हे. मुंबईला विद्यार्थीदशेत एन.सी.सी.मध्ये पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफल हाताळली आणि तिची नळी फुल-थ्रूच्या दोरीने व चिंधीने साफ केली, एवढीच माझी पुंजी. जे पुढे लिहिले आहे ते एका जाणत्या कारागिराच्या टेबलाशी वही घेऊन बसून शिकलेले आहे.

प्रसंग असा घडला

आमचे श्रूजबरी गाव क्विन्सिगॅमंड तलावाच्या पूर्वेस आहे. पूल ओलांडला की वुस्टर शहर. माझ्या घरापासून चार घरे सोडून ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. त्यांचे वडील वुस्टरच्या पार्क अव्हेन्यूवरील हॅरिंग्टन अँड रिचर्डसन या कारखान्यात तपासनीस होते. या कारखान्याने १९५० च्या दशकात अमेरिकन सैन्यासाठी चार लाखांहून अधिक एम-वन रायफली बनविल्या. वडिलांनी पुढे सरकारी विक्रीतून रीतसर अशी एक रायफल घेतली. ती मुलाकडे आली आणि आता कॉलेजात शिकणाऱ्या नातवाला ती घेऊन जुन्या रायफलींच्या नेमबाजी स्पर्धेत उतरायचे होते.

सरावात रायफल अडू लागली. दोन-चार बार झाले की पुढचे काडतूस वर येईना. नातवाने ती उघडली, तो बोल्टचे कान चांदीसारखे चकाकत आहेत, बाजूच्या दांड्याचा काळा रंग पार उडाला आहे आणि दांडा तर चक्क वाकडा दिसतो आहे. त्याने ठरविले की सगळे झिजून गेले. टपालाने दुसरा बोल्ट मागविला, नवा काळा कुळकुळीत लेप दिलेला, आणि बसवूनही टाकला. दांडा शेगड्यात धरून सरळ करायचेही त्याच्या मनात होते.

आजोबा माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही पदार्थविज्ञानाचे. जरा येऊन बघता का? पोरगा येत्या रविवारी बार काढणार म्हणतो." मी म्हटले, "आधी काढू नका. आपण जाणकाराला दाखवू." मग आम्ही तिघे शेजारच्या गावातील एका वयस्क कारागिराकडे गेलो.

पहिला नियम

पुढे काहीही वाचण्याआधी हे लक्षात ठेवावे. हत्यार हातात आले की ते भरलेले आहे असेच समजावे. नळीचे तोंड निर्धोक दिशेला, बोट चापाबाहेर. बोल्ट मागे ओढून चेंबर आणि मॅगझिन दोन्ही डोळ्यांनी पाहावीत. एम-वनचा उघडा बोल्ट जोराने पुढे येतो व अंगठा चेंगरतो. सैनिकांत या जखमेला "एम-वनचा अंगठा" असेच नाव पडले होते. तपासणीच्या टेबलावर खरे काडतूस एकही असू नये.

परवान्याचेही तसेच. मॅसॅच्युसेट्स राज्यात परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. तो गावच्या पोलिस खात्यामार्फत मिळतो आणि २०२४ साली या कायद्यात बरेच फेरफार झाले. घरातील बंदूक कुलपात ठेवणे हाही इथे कायदाच आहे. वडिलोपार्जित हत्यार हाती आले, तर पहिली फेरी पोलिस ठाण्यावर मारावी, दुसरी कारागिराकडे.

रायफल चालते कशी

झीज ओळखायची तर आधी कोण कोणाला घासते हे कळले पाहिजे. एम-वन रायफल जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत तयार केली. गॅरंड यांचा जन्म १८८८ साली कॅनडातील क्वेबेकमध्ये झाला. १९३६ साली अमेरिकन सैन्याने ही रायफल स्वीकारली. हिच्यात आठ काडतुसे एका क्लिपमध्ये बसतात. चाप एकदा ओढला की एकच बार होतो, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणे आणि नवे काडतूस आत घेणे हे काम रायफल आपले आपण करते. म्हणून तिला अर्धस्वयंचलित म्हणतात.

हे काम होते दारूच्या वायूवर. नळीच्या तोंडाजवळ खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. गोळी तिथून पुढे जाताच थोडा वायू खालच्या गॅस सिलिंडरमध्ये शिरतो आणि तेथील दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या म्हणजे एका लांब दांड्याचे टोक. या दांड्याला ऑपरेटिंग रॉड म्हणतात. दांडा मागे जाताना बोल्टच्या उजव्या कानाला वळवतो, बोल्टचे कुलूप उघडते, पुंगळी बाहेर पडते आणि घोडा मागे दाबला जातो. मग लांब स्प्रिंग दांड्याला पुन्हा पुढे ढकलते. तीच स्प्रिंग खालून काडतुसे वर उचलण्याचेही काम करते.

आता विचार करा. दट्ट्या सिलिंडरमध्ये घासणार. दांड्याचे टोक रिसीव्हरच्या खाचेत घासणार. बोल्टचा कान दांड्याच्या वळणात घासणार. बोल्टची पाठ घोड्यावरून घसरणार. स्प्रिंग हजारो वेळा दबणार. ही ठिकाणे आखणी करणाऱ्यानेच ठरवून दिलेली आहेत. घराच्या उंबरठ्यावर मधोमध खड्डा पडला तर ती झीज रास्त. भिंतीच्या कोपऱ्यात खड्डा पडला तर मात्र विचारावे, इथे कोण पाय घासते?

झिजेचे तीन प्रकार

कारागिराने टेबलावर सगळे भाग मांडले आणि तीन शब्दांत शिकवले. मी ते माझ्या भाषेत देतो.

पहिला प्रकार, रंग जाणे. एम-वनच्या पोलादी भागांवर फॉस्फेटचा पातळ, खरखरीत, राखाडी-हिरवट थर दिलेला असतो. दोन भाग एकमेकांवर घासले की तो आधी जातो आणि खालचे पोलाद चकाकते. ही धातूची झीज नव्हेच. गॅस सिलिंडर तर स्टेनलेस स्टीलचा असतो. त्यावर काळा रंग चढवलेला असतो आणि तो उडून पांढरे डाग पडतात. ते पाहून घाबरू नये.

दुसरा प्रकार, धातू जाणे. ही खरी झीज. ती व्हायचीच. प्रश्न असतो किती झाली एवढाच, आणि त्याचे उत्तर डोळा देऊ शकत नाही. ते मायक्रोमीटर किंवा गेज देते.

तिसरा प्रकार, धातू फाटणे, वाकणे, चेपणे. चीर, कडेवर उमटलेला पापुद्रा, टोकाला आलेले बोंड, उडालेला टवका. ही झीज नव्हे, हा बिघाड आहे. तो मोजत बसू नये. भाग बाजूला ठेवावा.

थोडक्यात : रंग गेला तर सोडून द्या, धातू गेला तर मोजा, धातू फाटला तर बदला. माझ्या मते सारा धडा या एका वाक्यात आहे. पुढे एकेक भाग घेऊ.

ऑपरेटिंग रॉड

नातवाला जो दांडा वाकडा दिसला, तो मुळातच वाकडा असतो. नळीला न लागता जावा म्हणून कारखान्यातच त्याला ठरावीक वळण देतात. तो "सरळ" केला असता तर चांगला दांडा वाया गेला असता. तपासायचे ते असे : स्प्रिंग काढून दांडा आपल्या जागी बसवावा आणि रायफल पुढेमागे कलती करावी. दांडा आपल्याच वजनाने मोकळा सरकला पाहिजे. मध्ये अडकला, किंवा त्याने नळीवर अथवा लाकडावर घासल्याची खूण केली असेल, तर ते घर्षण आखणीतले नव्हे.

दट्ट्याच्या टोकाचा व्यास मोजावा. तो ०.५२५ इंचाच्या खाली गेला, किंवा सिलिंडरचे भोक ०.५३२ इंचाहून मोठे झाले, तर वायू बाजूने निसटतो आणि दांडा पुरता मागे जात नाही. दट्ट्याला पॉलिश पेपर लावून चकचकीत करण्याचा मोह होतो. तो टाळावा. चकाकीच्या नादात आपणच धातू कमी करतो.

दांड्याची मूठ जिथे काटकोनात जोडलेली असते, तो कोपरा भिंगाने पाहावा. जुन्या दांड्यांना तिथे चिरा पडत असत. म्हणून सैन्याने पुढे दुरुस्तीच्या वेळी त्या कोपऱ्यात अर्धगोल खाच पाडून घेतली. तिथे ताण एका बिंदूवर साचत नाही. खाच दिसली तर ती मोडतोड नव्हे, ती सुधारणा आहे. चीर दिसली, मग ती केसाएवढी का असेना, दांडा बाद.

रिसीव्हरच्या खाचेत चालणारे दांड्याचे बोंडूक गोलावले असेल तर बार होताना दांडा खाचेतून उडी मारू शकतो. त्याच्या कडा बोटाला स्पष्ट लागल्या पाहिजेत.

स्प्रिंग

स्प्रिंग वर्षानुवर्षे काळीच राहते, चकाकत नाही. म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण दमते सर्वांत आधी ती. मोकळी स्प्रिंग फुटपट्टीजवळ ठेवून मोजावी. सव्वाएकोणीस इंचांच्या खाली आली तर बदलावी, असा या कारागिरांचा दंडक आहे. आमच्या रायफलीची स्प्रिंग पावणेएकोणीस भरली. पुढचे काडतूस वर का येत नव्हते, याचे उत्तर तिथेच मिळाले. ज्या भागाकडे नातवाने ढुंकूनही पाहिले नव्हते, तोच थकलेला निघाला, आणि तोच सगळ्यांत स्वस्त.

नळी

नळी दोन जागी झिजते. एक, मागे, जिथून गोळीचा प्रवास सुरू होतो. तिला गळा म्हणतात. तेथील झीज तापलेल्या वायूने होते. दुसरी, पुढे तोंडाशी. तिचे कारण ऐकून मला नवल वाटले. आमची थ्री-नॉट-थ्री बोल्ट काढून मागून साफ करता येई. एम-वनचा रिसीव्हर मागून बंद असतो, म्हणून साफ करायची सळई तोंडातूनच घालावी लागते. सळई कडेला घासत राहिली की नळीचे तोंड रुंद होते. म्हणजे पुष्कळदा तोंडाची झीज गोळ्यांनी नव्हे, तर साफसफाईने झालेली असते! सळई नळीच्या मधोमध धरणारी छोटी चकती मिळते, ती वापरावी.

दोन्ही जागांना वेगवेगळी गेजे असतात. त्यांवर आकडे कोरलेले असतात. एकेक आकडा इंचाच्या हजाराव्या भागाचा, कारखान्यात ज्याला "थाऊ" म्हणतात त्याचा. जुन्या सैनिकी रायफली नागरिकांना विकणाऱ्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम या संस्थेने आपल्या "सर्व्हिस ग्रेड"साठी गळा ५ पेक्षा कमी आणि तोंड ३ किंवा त्याहून कमी अशी अट घातली आहे. आमच्या रायफलीचा गळा ३ आणि तोंड २ भरले. काहीजण नळीच्या तोंडात काडतूस खुपसून अंदाज घेतात. भरलेल्या काडतुसाने असे कधीही करू नये.

नळीत किंवा सिलिंडरमध्ये बारीक खड्डे दिसले, तर ती झीज नसून जुना गंज असतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या सैनिकी काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे मागे क्षार उरत असे. तो पाण्याने धुतला नाही की लोखंड खाई.

दोन खुणा, नाहक घाबरवणाऱ्या

एक : चेंबरमध्ये घेतलेले काडतूस न उडवता बाहेर काढले, तर त्याच्या टोपीवर टाचणीच्या टोकाएवढा ठसा दिसतो. एम-वनच्या फायरिंग पिनला मागे धरणारी स्प्रिंग नसते. बोल्ट बंद होताना पिन हलकेच टोपीला टेकते. बारीक ठसा रास्त आहे. खोल ठसा नव्हे.

दोन : भागांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. रायफलीचा स्वतःचा क्रमांक फक्त रिसीव्हरवर असतो. बाकीचे आकडे आराखड्यांचे. सैन्याच्या दुरुस्तीशाळेत हजारो रायफली उघडून पुन्हा जोडल्या गेल्या. त्यात सरमिसळ व्हायचीच.

चाप आणि घोडा यांचे पकडीचे दात तपासताना मात्र स्वतः कानस लावू नये. रिकाम्या रायफलीत चाप दाबून धरावा, बोल्ट मागे नेऊन पुढे सोडावा, मग चाप हळू सोडावा. घोडा पकडीत "टक्" करून अडकला पाहिजे. अडकला नाही, तर एका चापाला दोन बार होऊ शकतात. ते काम घरी करायचे नव्हे.

बोल्ट, आणि त्या दिवशीची गोष्ट

शेवटी बोल्ट. नळीच्या मागच्या खोलगट भागाला चेंबर म्हणतात. त्यात काडतुसाचा खांदा टेकतो. त्या खांद्याच्या ठरावीक रेषेपासून बंद बोल्टच्या तोंडापर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. हे अंतर जास्त झाले तर बाराच्या वेळी पितळी पुंगळी मागे ताणली जाते आणि बुडाजवळ तुटू शकते. मग तो प्रचंड दाबाचा वायू मागे येतो, जिथे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो.

हे अंतर मोजायला पोलादी गेजे असतात. या काडतुसासाठी "गो" १.९४० इंच, "नो-गो" १.९४६ आणि "फील्ड" १.९५०. बोल्टमधील पुंगळी ओढणारे आणि फेकणारे भाग काढून, बोटाच्या हलक्या दाबाने बोल्ट बंद करून पाहायचा. "गो"वर बोल्ट बंद झालाच पाहिजे. "नो-गो"वर शक्यतो होऊ नये. झाला, तर "फील्ड" लावायचे. "फील्ड"वरही बंद झाला, तर रायफल वापरायची नाही. पहिल्या आणि शेवटच्या गेजात फरक आहे इंचाच्या शंभराव्या भागाचा, म्हणजे एखाद्या जाड कार्डाच्या जाडीएवढा.

कारागिराने आधी नातवाने बसवलेला बोल्ट तपासला. त्याचा काळा लेप इतका सुरेख की दुकानातून आताच आणलेला वाटावा. "गो"वर बंद झाला. "नो-गो"वर बंद झाला. कारागीर काही बोलला नाही. त्याने तिसरे गेज घातले आणि बोट टेकवले. बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा खाली बसला.

नातवाचा चेहरा उतरला. रविवारला दोनच दिवस होते.

मग त्याने पिशवीतून जुना चकाकता बोल्ट काढायला लावला. "गो"वर बंद झाला. "नो-गो"वर अर्ध्या वाटेत थांबला आणि पुढे जाईना. कारागिराने बोल्ट उलटा करून दोन्ही कान दाखवले. दोन्हींच्या मागच्या बाजूला सारखीच चकाकी होती. तो म्हणाला, "दोन्ही कान सारखे टेकतात, म्हणून दोन्ही सारखे चमकतात. एकच चमकला असता तर मला चिंता वाटली असती. हा बोल्ट आणि हा रिसीव्हर सत्तर वर्षे एकत्र नांदले आहेत." आणि नव्या लेपाच्या बोल्टविषयी म्हणाला, "हा खोटा नव्हे. दुसऱ्या एखाद्या रायफलीत चालेलही. पण याची झीज लेपाखाली झाकली गेली आहे, आणि मोजल्यावाचून कोणताच बोल्ट बदलायचा नसतो."

वडील तपासनीस होते, म्हणून आजोबांना आठवले. ते म्हणाले, "बाबा जेवताना ताटाची कडसुद्धा बोटाने चाचपून पाहत. आम्ही हसायचो."

जाता जाता एक खूण सांगून ठेवतो. वापरलेल्या पुंगळीवर बुडाच्या थोडे वर गोल चकाकता पट्टा दिसला, तर थांबावे. तिथे पितळ ताणून पातळ झाले असण्याचा संभव असतो. पाहा, एकीकडे बोल्टच्या कानावरची चकाकी निर्धास्त करते, दुसरीकडे पुंगळीवरची तीच चकाकी सावध करते. म्हणून चकाकी किती यापेक्षा ती कुठे आहे, हे आधी विचारावे.

मर्यादा कोणी आखल्या

पुढे एका रविवारी मी स्प्रिंगफील्डला जाऊन आलो. आमच्या गावापासून पश्चिमेला साधारण पन्नास मैल. १७९४ साली स्थापन झालेली ती शस्त्रशाळा १९६८ साली बंद झाली. आता तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. पूर्वीच्या काळी बंदुकीचा प्रत्येक भाग कारागीर कानशीने घासून त्या एका बंदुकीला बसवीत असे. एक भाग मोडला की दुसऱ्या बंदुकीचा चालत नसे. आमच्या शेजारच्या वेस्टबरो गावात जन्मलेल्या इलाय व्हिटनी यांनी १७९८ साली सरकारला अदलाबदल करता येतील अशा बंदुकांचा वायदा केला. पण त्यांच्या बंदुकांचे भाग पुढे तपासले, तेव्हा ते सर्रास बदलता येत नव्हते असे दिसले. ते स्वप्न सरकारी शस्त्रशाळांतून पुढच्या अर्धशतकात साकार झाले. १८४२ च्या नमुन्याच्या बंदुकीपर्यंत ते साधले होते. आणि त्यामागे नुसती यंत्रे नव्हती, गेजेही होती.

गेजाचा अर्थ असा की भाग बनण्याआधीच कोणीतरी बसून ठरविले : एवढे कमी-जास्त चालेल, याच्या पलीकडे नाही. म्हणजे झीज होणार हे मानूनच रायफल बनवली गेली. तिच्यात झिजेसाठी जागा ठेवली गेली. नवे आणि निकामी यांच्यामध्ये एक रुंद पट्टा असतो आणि यंत्राचे सारे आयुष्य त्या पट्ट्यात जाते. पट्ट्यातल्या झिजेला घाबरून चांगला भाग फेकू नये, आणि पट्ट्याबाहेर गेलेल्या भागाला रंग चढवून आत आणू नये.

आणखी एक. झीज कमी ठेवायची तर वंगण. या रायफलीला पातळ तेलापेक्षा ग्रीस मानवते. दुसऱ्या महायुद्धात पावसात तेल धुऊन जाऊन बोल्ट जड चालू लागले, तेव्हा सैनिकांना ग्रीसच्या लहान डब्या देण्यात आल्या. बोल्टचे कान, दांड्याचे वळण, रिसीव्हरची खाच इथे बोटाच्या टोकाएवढे ग्रीस पुरे. सिलिंडर आणि दट्ट्या मात्र कोरडे ठेवावेत, नाहीतर काजळी धरते. कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत. घाण्याच्या लाटेला आणि उखळाला कुठे ओलावा हवा, कुठे नको, हे आपल्या पणजोबांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. काडतुसांबाबतही जपावे : १५० ग्रेन गोळीची, जुन्या सैनिकी मोजमापाची काडतुसे या रायफलीसाठी योग्य. शिकारीची जड, जोरकस काडतुसे तिचा दांडा वाकवतात.

नातवाने नवी स्प्रिंग घातली, जुना बोल्ट परत बसवला. त्या रविवारी गेला नाही, पुढच्या रविवारी गेला. आठच्या आठ काडतुसे न अडखळता गेली. टपालाने आलेला तो काळा बोल्ट आजोबांनी टेबलाच्या खणात ठेवला आहे, वर चिठ्ठी बांधून : "मोजल्याशिवाय बसवू नये."

स्वाध्याय

१. रंग जाणे, धातू जाणे आणि धातू फाटणे यांचे प्रत्येकी एक उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातून द्या.
२. बोल्टचे दोन्ही कान सारखे चकाकतात, हे लक्षण चांगले का?
३. एम-वनच्या नळीचे तोंड साफसफाईने का झिजते? थ्री-नॉट-थ्रीचे तसे का होत नाही?
४. "नो-गो" गेजावर बोल्ट बंद झाला. पुढे काय कराल?
५. घरातील शिवणयंत्र, मिक्सर किंवा दाराची बिजागरी घ्या. त्यात कुठे घासायला हवे आणि कुठे नको, याचा नकाशा काढा. नातवंडांना बरोबर घेतलेत तर उत्तम.

— एक निवृत्त शिक्षक, श्रूजबरी